कोंबड्यांचा नाताळ

पर्सिदाला राग यायला फार काही लागत नसे. पाव करपला की राग, कुणाची मोटार कुंपणाला चिकटून उभी राहिली की राग, टपालवाला उशिरा आला की राग, आणि लवकर आला तर "केस विंचरायच्या आधीच दार उघडू का मी?" म्हणून राग. सदुसष्ट वर्षांत हे राग तिला आपल्या गुडघ्यांइतके ओळखीचे झाले होते. पण नववर्षाच्या दिवशी दुपारी, परसात जळणाचे ढलपे वेचताना जो आला, तो त्यांतला नव्हता. तो पोटातून निघून हातापर्यंत आला आणि हातातले ढलपे खाली पडले.

कुंपणापलीकडे कोंबडी ओरडली होती.

अंडं घातल्यावर ओरडते तशी, साऱ्या मुलखाला वर्दी देत. एकदाच. मग कुणीतरी उशी दाबावी तशी गप्प झाली.

आता, गावात कोंबडी ओरडली यात राग येण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण ऑक्टोबरपासून त्या गावात कोंबडीच नव्हती. तामिश नदीच्या पलीकडे मोठं पोल्ट्री फार्म होतं, लांबलचक पत्र्याच्या शेडांचं. रोग निघाला तिथे आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं याद्या घेऊन आली गावात. पिसाचं म्हणून जे काही असेल ते सगळं मारायचा हुकूम होता. कोंबड्या, बदकं, शाळेजवळच्या म्हाताऱ्याची कबुतरं, सगळं. फार्मच्या शेडा डिसेंबरात धुऊनपुसून पुन्हा भरल्यासुद्धा, आणि गावाला मात्र वसंतापर्यंत बंदी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि पर्सिदा हे रोज म्हणत होती, ऐकायला कुणी असो वा नसो.

तिच्या अकरा होत्या. बोडक्या मानेच्या, लाल कातडीच्या, दिसायला ओंगळ; परका माणूस बघून हसायचा. सासूकडून आलेली जात. पर्सिदाला त्यांच्याइतकं देखणं जगात काही वाटत नसे. त्या दिवशी यादीवाला पोरगा तिला म्हणाला होता, "आजी, आम्ही पकडायला गेलो तर उगाच धावतील, घाबरतील. तुम्ही हाक मारलीत तर लवकर उरकेल." आणि तिने हाक मारली होती. ओच्यात मका घेऊन, रोजच्याच आवाजात, "पि-पि-पि!" एकेक करून दहा आल्या. तिच्या पायाशी आल्या, आणि तिथून पोत्यात गेल्या.

अकरावी आली नाही. सुल्तानिया. सगळ्यांत म्हातारी, सगळ्यांत खाष्ट. पर्सिदा कुंपणाशी जाऊन हाका मारत राहिली, कारण यादीत अकरा लिहिल्या होत्या आणि यादीत अकरा म्हणजे अकरा. तिचं मूर्ख, सरळ डोकं दुसरं काही जाणत नव्हतं. शेवटी पोराने "हरवली" असं लिहिलं, तिची सही घेतली आणि तो गेला. पर्सिदाने मग आठ दिवस ओढ्यापर्यंतची झुडपं धुंडाळली. पीससुद्धा सापडलं नाही.

आणि त्या दिवसापासून रोज सकाळी दहा वाजता क्रुनिया तिच्याकडे कॉफीला येऊन बसत होती.

क्रुनिया म्हणजे कुंपणापलीकडची. वाळक्या शेंगेसारखी बारीक, तीन वर्षांनी मोठी, बोलायला कंजूष. पर्सिदाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हिनेच हातांवर धरलं होतं, तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना कुमा म्हणत. सख्ख्या बहिणीशी भांडण झालं तर चालतं. कुमाशी झालेलं वर स्वर्गात लिहून ठेवतात म्हणे. अकरा आठवडे ही कुमा तिच्या स्वयंपाकघरात बसून तिचं रडणं ऐकत होती. रुमाल पुढे करत होती. "जाऊ दे गं" म्हणत होती.

आणि पर्सिदाला ढलप्यांच्या पसाऱ्यात उभ्या उभ्या सगळं लख्ख दिसलं. अकरा आठवड्यांत क्रुनियाने तिला एकदाही स्वतःच्या घरात बोलावलं नव्हतं. "माझ्याकडे गारठा आहे, मीच येते." कोंबड्या ऑक्टोबरात पिसं टाकतात, अंडी बंद होतात, अंडं नाही तर ओरडाही नाही. क्रुनियाला फक्त दिवस काढायचे होते.

"माझ्या दहा पोत्यात," पर्सिदा रिकाम्या खुराड्याला म्हणाली, "आणि हिच्या कोठारात!"

ठेवल्या असतील लपवून, त्याचं काही नाही. पण मला सांगायचं नाही? कुंपणावरून एक शब्द टाकायचा नाही, की कुमा, लपव गं, मीही लपवतेय? मला मारू द्यायच्या, आणि मग माझ्याच टेबलाशी बसून माझीच कॉफी पिऊन माझेच डोळे पुसायचे?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात शिरली तर समोर फ्रिजवर तो कागद होता, चुंबकाखाली अडकवलेला. बंदीचे नियम, आणि खाली तक्रारीचा नंबर, चोवीस तास. सुट्टीच्या दिवशी कोण उचलणार, असं स्वतःला सांगतच तिने तो फिरवला. पलीकडून कुणा पोराचा झोपाळू आवाज आला. पर्सिदाची उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. फोन ठेवल्यावरसुद्धा ती दोन मिनिटं त्याच्याकडे बोट रोखून बोलत होती.

रात्रीतून राग निवेल असं कुणाला वाटलं असेल तर त्याला पर्सिदा माहीत नाही. सकाळी उठली ती एक गोष्ट ठरवूनच. मागून वार करणारी ती नव्हे. जे केलं ते तोंडावर सांगायचं, जे वाटतं तेही तोंडावर, आणि मग पुन्हा त्या घराची पायरी चढायची नाही. शाल गुंडाळली, काळा रुंद घागरा सावरला आणि साडेसातला ती बर्फ तुडवत क्रुनियाच्या फाटकातून आत गेली. दार न वाजवता लोटलं. उजवा पाय उंबऱ्याच्या आत पडला आणि ती तोंड उघडणार, तोच क्रुनिया शेगडीपाशी उभी दिसली. दोन्ही हातांत उशी धरून.

"आलीस," क्रुनिया म्हणाली. "मला वाटलं नव्हतं येशील."

तेव्हा पर्सिदाच्या लक्षात आलं, आज दोन जानेवारी.

कोंबड्यांचा नाताळ. संत इग्नातियाचा दिवस. या दिवशी घरात जो पहिला पाऊल टाकेल तो वर्षाचा पाहुणा. त्याच्या पायगुणावर कोंबड्यांचं वर्ष. त्याला शेगडीजवळ उशीवर बसवायचं आणि घरधनीण उठवेपर्यंत त्याने उठायचं नाही, म्हणजे कोंबड्या वर्षभर अंड्यांवर घट्ट बसतात. त्याने खुडूक कोंबडीसारखा आवाज काढायचा. शेवटी उंबऱ्यावर भोपळा फोडायचा. बिया जितक्या लांब उडतील तितकी पिल्लं. एकोणतीस वर्षं क्रुनिया तिच्याकडे अशी बसत होती आणि ती क्रुनियाकडे. यंदा कोंबड्याच नाहीत तर कसला त्यांचा नाताळ, म्हणून पर्सिदाने तो दिवस मनातून पुसून टाकला होता. आणि नेमकी पहिलं पाऊल घेऊन उभी राहिली होती.

"मी बसायला नाही आले," ती म्हणाली. "मी भांडायला आलेय."

"बसून भांड."

"क्रुनिया, मला सगळं कळलंय! काल मी माझ्या कानांनी—"

"कळलंच असणार. काल घसा फाडला मेलीने. बस आधी."

"मी काय केलंय ते ऐकशील तर उशी डोक्यात घालशील माझ्या!"

"पर्सिदा, पाय आत पडलाय तुझा. आता उभी राहिलीस तर माझं वर्ष उभं राहील. तुझा राग दहा मिनिटांनी मरतोय का? बस!"

हे ऐकून कुणीही हसेल. पण जिने चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या, तिचे गुडघे यावर आपोआप वाकतात. पर्सिदा दातओठ खात उशीवर बसली, घागरा सभोवार पसरून. राग अगदी ओठांवर आला होता, आणि खुर्चीच्याही खालून, जमिनीवरून मान वर करून बोलायचं म्हणजे त्याची निम्मी पत गेली.

क्रुनिया कोठाराकडे गेली. आतून बटाट्याचं खोकं सरकल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या काखेत काहीतरी होतं, आणि ते तिने पर्सिदाच्या मांडीवर ठेवलं.

बोडकी लाल मान. उजव्या पायाचं वाकडं बोट. आणि एक डोळा असा रोखलेला, की जणू उशीर पर्सिदाकडूनच झाला होता.

पर्सिदाने सुल्तानियाच्या पंखांखाली हात घातला. तिथे ऊब होती.

"माझ्या दोन आणि ही," क्रुनिया म्हणाली. "पोरं यादी घेऊन तुझ्याकडे शिरली तेव्हा ही माझ्या खोक्यात बसली होती, अंडं घालायला. नेहमीसारखी."

नेहमीसारखी, हे खरं होतं. गेल्या वर्षी याच दिवशी पर्सिदाने मका टाकताना दोरीचा वेढा पुरा केला नव्हता. कोंबड्यांना या दिवशी दोरीच्या गोलात खायला घालतात, म्हणजे त्या वर्षभर परक्या अंगणात अंडी घालत नाहीत. तिची दोरी वीतभर कमी पडली आणि "चालतंय" म्हणून तिने सोडून दिलं. वर्षभर सुल्तानिया क्रुनियाकडे अंडी घालत होती आणि वर्षभर पर्सिदा कुंपणावरून ओरडत होती, "माझी अंडी गिळतेस गं, कुमा!"

"मग सांगितलं का नाहीस?" आता तिला आवाज सापडला, आणि तो मोठा होता. "अकरा आठवडे! मी तिकडे नाक शिंकरतेय, झुडपं धुंडाळतेय, आणि तू तोंडाला कुलूप लावून माझी कॉफी ढोसतेस! दगड आहेस का तू?"

"तुला सांगितलं असतं तर तू तिला नेऊन दिली असतीस."

"मी?"

"तू. यादीत अकरा होत्या ना?" क्रुनिया बाकावर बसली. हळू बोलली, पण तिचाही आवाज आता कापरा झाला होता, आणि तो प्रेमाने नव्हे. "तुला ठाऊक नाही, मी कुठे होते. कुंपणाच्या या बाजूला, लाकडांच्या ढिगामागे. हिला एप्रनखाली पोटाशी धरून. तू तिकडून पि-पि करत होतीस. आणि ही येत होती, पर्सिदा. तुझ्या हाकेला येत होती. नखांनी माझं पोट ओरबाडलं तिने. मी तिची चोच मुठीत धरून बसले, आणि तू हाका मारायची थांबेनास. थांबेचनास! त्या पोराने 'राहू दे आजी' म्हटलं, तरी तू थांबेनास. मला इतका राग आला होता तुझा, की मी म्हटलं, रडू दे हिला. रडूच दे."

गेले अकरा आठवडे पर्सिदा फार्मवर चिडली होती, हुकमावर, पांढऱ्या कपड्यांवर, कालपासून क्रुनियावर. त्या सगळ्याच्या तळाशी हेच होतं आणि ते तिला ठाऊक होतं. दहा जणी तिच्या आवाजावर विश्वासून आल्या होत्या.

"आणि तुझ्या रडण्याने माझं घरही वाचलं," क्रुनिया पुढे म्हणाली. "तुझ्याकडून निघून ती पोरं माझ्याकडे आली ती खाली मान घालूनच. कोठार बघितलंच नाही. खोटं रडायला तुला कुठे येतंय? म्हणून नाही सांगितलं."

"कुमा," पर्सिदा म्हणाली, "ऐक. मी काल—"

बाहेर मोटार थांबली.

पर्सिदाला चाक बर्फावर घासल्याच्या आवाजावरूनच कळलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! क्रुनियाने खिडकीतून बघितलं आणि ती पांढरी पडली. कोठारात तिच्या दोन कोंबड्या, त्यांच्यापुढे दोन दारं, पण मांडीवरची ही कुठे न्यायची? बाहेरच्या पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला.

"उठू नकोस," क्रुनिया पुटपुटली.

पर्सिदाने घागरा उचलला, सुल्तानियाला पायांमध्ये सारलं, घागरा खाली सोडला आणि एक हात आत घालून तिची चोच मुठीत धरली.

आला तो तोच यादीवाला पोरगा. आज पांढऱ्या कपड्यांत नव्हता. लोकरीची टोपी, लाल नाक, सुट्टी बुडाल्याची कळा तोंडावर. "माफ करा आजी, सणाच्या दिवशी," तो क्रुनियाला म्हणाला. "तक्रार आलीय. तुमच्याकडे कोंबड्या आहेत म्हणून."

"माझ्याकडे?" क्रुनिया म्हणाली.

आणि नेमक्या त्या क्षणी सुल्तानियाने मान हिसडून चोच सोडवून घेतली. "कॉक!" घाघऱ्याखालून स्पष्ट आवाज आला.

पोराने मान वळवली.

"कॉक!" पर्सिदा म्हणाली. "कॉक-कॉक-कॉक! क्वो-क्वो-क्वो! काय बघतोस? खुडूक बाई बघितली नाहीस कधी? क्वो! आज इग्नातियाचा दिवस आहे, तुला आईने शिकवलं नाही? मी पाहुणी आहे या घरची! क्वो-क्वो! माझ्या दहाच्या दहा पोत्यात घालून नेल्यास, आता उशीवर बसायचीसुद्धा बंदी आहे का? त्यालाही कागद आहे तुझ्याकडे?"

"आजी, मी फक्त—"

"नदीपलीकडे जा! तिथे हजारो ओरडताहेत, धडधडीत, पत्र्याखाली, तिथे जा आणि तिथे कान लाव! तिकडे जायला पाय लटपटतात, म्हणून म्हाताऱ्या बायकांच्या उशा तपासतोस? क्वो! मी हाक मारली तुझ्यासाठी! तू सांगितलंस म्हणून मी माझ्या तोंडाने हाक मारली त्यांना! तुझी आजी असती तर थुंकली असती तुझ्यावर, आणि माझ्यावरही! कॉक-कॉक-कॉक!"

तिने हे सोंग म्हणून सुरू केलं होतं, पण तिसऱ्या वाक्याला त्यात सोंग उरलं नव्हतं. गालांवरून पाणी ओघळत होतं, कॉक-कॉक चालूच होतं आणि घाघऱ्याखाली ती म्हातारी कोंबडी तिच्या पोटऱ्यांवर चोच मारत होती. पोरगा टोपी काढून उभा राहिला. त्याची नजर घाघऱ्याकडे गेली. घागरा जरासा हलला. मग त्याने नजर काढली आणि कागदावर नेली.

"माझी आजीही बसायची," तो म्हणाला. "कोंबड्या आढळल्या नाहीत, असं लिहितो." लिहिता लिहिता त्याचा आवाज उतरला. "मला हौस नाही हो. फोन आला तर यावंच लागतं. बाईंनी नाव नाही सांगितलं, बोलत होत्या मात्र एवढ्या जोरात की कान बसला. 'माझ्या कुमाने कोंबड्या लपवल्यात' म्हणाल्या. हे बघा, मी लिहूनच घेतलंय."

क्रुनियाने कागद बघितला नाही. "बरं," ती म्हणाली. "प्लमची राकिया घेशील? बाहेर थंडी आहे."

त्याने ती कडक दारू उभ्यानेच घेतली आणि तो गेला. मोटारीचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत दोघींपैकी कुणी हललं नाही. सत्तर वर्षांच्या क्रुनियाला अख्ख्या गावात कुमा म्हणणारं एकच माणूस होतं, आणि ते शेगडीजवळ उशीवर बसलेलं होतं.

"तेच सांगायला आले होते," पर्सिदा म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या तू वाचवल्यास आणि माझ्या... तोंडावर सांगणार होते मी. देवाशप्पथ."

क्रुनियाने राकियाच्या बाटलीला बूच लावलं.

"कुमा, ओरड माझ्यावर. काहीतरी बोल. ती भांडी फेक."

क्रुनियाने शेगडीत लाकूड घातलं. टेबलावरचे पेले पुसले. कोठारात जाऊन आपल्या दोघींना मका टाकून आली. पर्सिदाने गुडघ्यांवर हात टेकून उठायचा यत्न केला, तेव्हा मात्र ती वळली.

"बस!" ती इतक्या जोरात ओरडली की सुल्तानिया घाघऱ्याबाहेर आली. एकोणतीस वर्षांत पर्सिदाने तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. "मी उठवेपर्यंत बसायचं. दुपार होवो, संध्याकाळ होवो. माझ्या कोंबड्यांचं वर्ष तुझ्या ढुंगणाखाली आहे, आणि तुझ्या एकीचंही. फोन करायला जीभ आहे ना तुला? मग बसायलाही ढुंगण असू दे."

पर्सिदा बसली. पाय सुन्न झाले, पाठ भरून आली, शेगडीची धग एका गालाला भाजू लागली, ती बसली. सुल्तानिया बाकाखाली फिरून आली, दोन दाणे टिपले. पर्सिदाच्या हातात मका होता. पण पि-पि तिने केलं नाही. ती नुसताच हात उघडून बसली. कोंबडी आली नाही. बटाट्याच्या खोक्याकडे वळली.

दुपारी क्रुनियाने कोनाड्यातला भोपळा काढला. दर वर्षी ती तो अगदी जपून फोडायची, उंबऱ्याच्या कडेवर हलकेच, म्हणजे तुकडे भाजीला चालतात. या वेळी तिने तो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला आणि जिवाच्या करारावर उंबऱ्यावर आपटला. घर हादरलं. गर भिंतीवर उडाला, बिया शेगडीपर्यंत आल्या, पर्सिदाच्या केसांत, तोंडावर, ओच्यात.

"ऊठ आता," क्रुनिया म्हणाली. "घरी जा."

"आणि ही?"

"ही राहील इथे. तुझ्याकडे यादी असते."

पर्सिदा भिंतीला धरून उठली. बर्फातून घरी गेली आणि खुर्चीत बसून राहिली. गालावरची बी वाळून चिकटली होती, ती तिने काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने नेहमीसारखी दोघींची कॉफी टाकली, दोन पेले मांडले आणि दार उघडं ठेवलं. घर गार पडलं, कॉफी गार झाली. कुंपणापलीकडे कोंबडी ओरडली, एकदाच. तेव्हा पर्सिदा उठली, परसात गेली आणि कुंपणाशी उभी राहून, कोंबडी पुन्हा ओरडलीच तर रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून, कुऱ्हाडीने नको असलेली लाकडं फोडत राहिली.